घसा कितव्या वर्षाला हाय?

मेडिकलच्या प्रवेशाचा हंगाम आला की माझ्या दवाखान्यात पेढे यायला लागतात. गगनबावड्याच्या अंगाला, जिथं वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत अशा एका गावात मी सरकारी आरोग्य केंद्रावर डॉक्टर आहे. आजूबाजूच्या वाडीवस्तीवर कुणाच्या पोराचा, कुणाच्या पोरीचा नंबर लागला की आई-बाप त्याला धरून आणतात, माझ्या टेबलासमोर उभं करतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्याला चार गोष्टी सांगा. तिथली वर्षं कशी काढायची ते."

चार काय, चाळीस सांगते. सल्ले द्यायची मला हौस आहे अशातला भाग नाही, पण पेढा तोंडात घातल्यावर गप्प कसं बसायचं? जाड पुस्तकं विकत घेऊ नका, सीनियर लोकांच्या खोलीत धूळ खात पडलेली असतात, ती मागून आणा. डिसेक्शन हॉलमधून, म्हणजे जिथं मढी फाडून शिकवतात तिथून आल्यावर घास उतरत नाही, तरी जेवा. उपाशी पोटी केलेलं पाठांतर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तोंडी परीक्षेत येत नसेल तर 'येत नाही सर' म्हणून मोकळं व्हा, थापा मारू नका. समोर बसलेला माणूस त्याच थापा मारून तिथं पोचलेला असतो. पुण्या-मुंबईच्या पोरी तुमच्या बोलण्याला हसल्या तर हसू द्या. मी पहिल्याच दिवशी मेसमध्ये 'मी जेवलो' म्हणाले तर सगळं टेबल फिदीफिदी हसलं होतं. आमच्याकडं बायका असंच बोलतात, त्यात काय? वर्ष सरेपर्यंत त्यांतल्याच दोघीजणी 'मी आलो, मी गेलो' करत फिरायला लागल्या. आणि रडू आलं तर खुशाल रडा. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ त्यासाठीच असतात.

एवढं सांगते, चहा पाजते आणि वाटेला लावते. खरी गोष्ट सांगत नाही. ती पोरांच्या बापांना सांगायला पाहिजे, आणि बाप काही ऐकत नसतात.

यंदा एक पोरगी आली. अंगानं काटकुळी, डोळे तेवढे मोठे. बाप वरच्या वाडीवर दूध संस्थेत कामाला. आमच्या केंद्राला यायला थोडासा चढ आहे, तेवढा चढून तो आला आणि खुर्चीत बसून राहिला. पेढ्याचा पुडा पोरीनंच पुढं केला. त्याचा तळहात शर्टाच्या खिशावर होता. मला वाटलं खिशात मोबाईल असेल. मी पोरीला माझी ठरलेली टेप ऐकवत होते, पण लक्ष त्या हाताकडं. शेवटी न राहवून विचारलं, "काय ओ, दुखतंय काय?"

"काय न्हाय ओ. चढ लागला की जरा छातीत धरतंय. बसलं की जातंय."

"कधीपासनं?"

"झालं की काय म्हैनं."

"मग दाखवलं का कुणाला?"

तो पोरीकडं बघून हसला. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. "आता आनि कुणाला दाखवायचं? घरातच डॉक्टर झाली की."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. कोल्हापूर-गगनबावडा लाईन. आवाज असा, की स्टँडच्या एका टोकाला उभं राहून 'कळे, साळवण, गगनबावडाऽऽ' अशी हाळी दिली की दुसऱ्या टोकाला मुतारीत गेलेला माणूससुद्धा नाडी धरून पळत यायचा. घरातही बारीक बोलणं त्यांना जमायचं नाही. देवाची आरती असो नाहीतर म्हशीला शिव्या, पट्टी एकच. आई म्हणायची, "अवो, जरा हळू बोला की. आमी काय बसच्या टपावर बसलोय व्हय?"

पण बोलून गाडी चालत नाही, हेही तेच सांगायचे. गाडी बेलवर चालते. कंडक्टरनं एक टोला दिला की ड्रायव्हरनं थांबायचं, दोन दिले की निघायचं. ड्रायव्हरनं मागं वळून कारण विचारायचं नसतं, कारण मागं काय चाललंय ते कंडक्टरला दिसत असतं. लहानपणी मी शाळेला निघाले की आप्पा बोटातल्या अंगठीनं दाराच्या कडीवर दोनदा टण टण करायचे, "डबल!" म्हणून ओरडायचे, आणि मी दप्तर सावरत सुटायचे. कॉलेजला गेले तरी ते चालू होतं. मला लाज वाटायची, पण डबल पडल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

माझा नंबर कोल्हापूरच्याच कॉलेजला लागला तेव्हा गावानं डोकं फिरल्यासारखं केलं. चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्यानं माझ्या बारावीच्या फोटोला कॉम्प्युटरवर पांढरा कोट घातला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि खाली लिहिलं, 'डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. डॉक्टर झाल्याबद्दल! अजून कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं मी. आमच्याकडं पैलवानाला कुस्ती मारल्यावर गदा देतात, मेडिकलच्या पोराला मात्र आखाड्यात उतरायच्या आधीच देऊन टाकतात. फेटा, हलगी, सत्कार, सगळं आधी. त्या दिवसापासून आप्पांनी मला नावानं हाक मारणं सोडलं. 'डॉक्टर, जेवलीस का', 'डॉक्टर, म्हशीला पाणी दाव'. मला हसू यायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

पहिल्या वर्षी सुट्टीला घरी गेले की लोक एक्स-रे घेऊन यायचे. मी तोवर एकाही जिवंत माणसाच्या अंगाला हात लावलेला नव्हता. पहिलं वर्ष सगळं मढ्यांचं आणि पुस्तकांचं. तसं सांगितलं की लोकांना वाटायचं, पोरगी भाव खातीय. मग मी एक्स-रे उजेडाला धरायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तेवढ्यानं माणसं खूश व्हायची. डॉक्टरनं बघितलं ना, मग झालं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी फोनवर आप्पांचा आवाज मला घोगरा लागला.

"सर्दी झालीय काय?" म्हटलं.

"गाडीत माणसं कोंबून भरलेली, वराडून वराडून बसलाय."

पुढच्या आठवड्यात तसाच. त्याच्या पुढच्याही. आईनं हळद-दूध, ज्येष्ठमध, खडीसाखर, सगळं करून झालं. आप्पा तंबाखू खायचे आणि ड्यूटी संपली की बिडी ओढायचे, हे मला ठाऊक होतं. तंबाखूवाल्याचा आवाज असा आठवडेच्या आठवडे बसणं बरं नव्हे, एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, "आप्पा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्याच दवाखान्यात या, मी घेऊन जाते."

"काखेत कळसा आनि गावाला वळसा कशाला? घरात डॉक्टर हाय की."

"आप्पा, मला अजून काय येत न्हाय!"

"हळू बोल की बाई. लोकं ऐकतील."

लोक! त्यांची सगळी अडचण ती होती. पुढं एकदा आईजवळ त्यांनी ती बोलून दाखवली. पोरगी डॉक्टर झाली म्हणून गावभर पेढे वाटले, आता बापच दुसऱ्या डॉक्टरच्या दारात जाऊन बसला तर लोक काय म्हणतील? पोरीला काय येत न्हाय, म्हणून बाप बाहेर दाखवतोय म्हणतील. तिचं नाव कशाला खराब करायचं? असला हा मान. माझ्या नावासाठी त्यांनी गळा आवळून धरला होता, आणि वर मला 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणत होते. आजही आठवलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

दिवाळीत घरी गेल्यावर मी टॉर्च घेऊन त्यांच्या तोंडात बघितलं. पडवीत दिवसाउजेडी, शेजारचे दोघं-तिघं बघत असताना, आप्पा तोंड वासून ऐटीत बसले होते. मी स्पष्ट सांगितलं, टॉर्चनं पडजिभेपर्यंतच दिसतं, आवाजाची जागा खाली आत आहे, ती बघायला आरसा लागतो. त्यांनी उठून दाढीचा आरसा आणला. "ह्यो चालंल?" शेजारी हसले. मीही हसले असते, पण आप्पाही हसायला गेले आणि त्यांचा आवाज गळ्यातून नीट बाहेर येईना.

"ह्यो न्हाय ओ. तो येगळा असतोय. आणि मला तो धरायलाच येत न्हाय. ते अजून शिकवलं न्हाय आम्हाला."

आप्पांनी तोंड पुसलं आणि विचार केला. गाड्यांचं टाइमटेबल विचारावं तसं मला विचारलं, "मग घसा कितव्या वर्षाला हाय?"

"तिसऱ्या. आणि वॉर्डात दुसऱ्या वर्षी न्यायला लागतात."

"मग थांबतो की! घसा कुठं पळून जातोय व्हय?"

मी भांडले, रडले, जेवणाचं ताट बाजूला सारलं. आईनं त्यांना देवाची शपथ घातली. डेपोतल्या लोकांनी सांगून बघितलं. आप्पा ढिम्म. जो माणूस गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर ड्रायव्हरचा उद्धार करायचा, तो माझा अभ्यासक्रम त्याच्या घशापर्यंत येईस्तोवर थांबायला तयार झाला होता.

मी कोल्हापूरला परत आले. पुढं आमच्या टेबलावर मानेचं डिसेक्शन लागलं. एका अनोळखी म्हाताऱ्याचं स्वरयंत्र मी हातात धरून बघितलं. केवढी ती वस्तू! मुठीत मावते. पोरं-पोरी नसांची नावं घोकत होती आणि मी विचार करत होते, एवढ्याशातून 'गगनबावडा' एवढ्या लांब कसं काय जात असेल. त्या परीक्षेत घशावर मला सगळ्यांत जास्त मार्क पडले. कळवलं तर आप्पा म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या वर्षी फोनवर बोलायला त्यांनी आईला पुढं करायला सुरुवात केली. आई म्हणायची, डेपोत त्यास्नी आता ऑफिसात बसवलंय, गाडीवर आवाज लागत न्हाय. आई म्हणायची, कान दुखतोय म्हणत्यात. आई म्हणायची, झोपल्यावर छातीतनं कसला तरी आवाज येतोय. मी प्रत्येक फोनला तेच ओरडायचे आणि मागून कुणीतरी पत्र्यावर खडा घासावा तसा आवाज यायचा, "आला का घसा?"

शेवटी पोस्टिंग लागली. कान-नाक-घशाच्या ओपीडीत आम्हाला सकाळी उभं करायला लागले. पहिल्याच दिवशी मी बाहेर येऊन फोन केला. म्हटलं, "आप्पा, घसा आला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आईला घेऊन आले. दाढी करून, कडक इस्त्रीची खाकी घालून, डोक्याला तेल लावून. माझी लाज जायला नको म्हणून सकाळपासून तंबाखूला हात लावला नव्हता. स्टँडपासून दवाखाना काही लांब नाही, पण तेवढ्यात त्यांना दोनदा बसावं लागलं, असं आईनं नंतर सांगितलं. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले, 'घे, बघ आता' म्हणावं तसे.

आम्हाला घसा शिकवणाऱ्या मॅडम वयानं मोठ्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. आप्पांनी खुर्चीत बसल्या बसल्या माझ्याकडं बोट करून त्यांना सांगितलं, "ही माजी पोरगी. आदी हिला बघू द्या." मॅडमनी त्यांचं बोलणं ऐकलं, त्यांचा श्वास ऐकला आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर जा. मी बोलावते तुला."

आप्पा खुर्चीतून उठायलाच लागले. "न्हाय न्हाय. तिच्यासाठीच थांबलोय मी."

मग मी राहिले. मॅडमनी त्यांची जीभ कापडात धरून पुढं ओढली, लांब दांडीचा छोटा आरसा दिव्यावर गरम केला, आपल्या हाताला लावून बघितला आणि घशात घातला. "ई म्हणा." आप्पांनी जोर लावला. नुसती हवा आली. मॅडमनी पुष्कळ वेळ बघितलं. मग त्यांनी आरसा तसाच धरून ठेवला आणि मान बाजूला केली, मला दिसावं म्हणून.

पुस्तकात चित्र असतं तसंच होतं. एका बाजूला फुलकोबीचा गड्डा उगवल्यासारखी गाठ, आणि श्वासाला उरलेली एक फट. नवशिक्या पोरीलाही एका नजरेत कळावं इतकं ते स्पष्ट होतं.

मॅडमनी आरसा काढला. आप्पांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, तोंड पुसलं आणि मला विचारलं, "दिसलं का गं?"

"दिसलं," मी म्हटलं.

"बघा!" ते मॅडमना म्हणाले. माणूस एवढा खूश झालेला मी आयुष्यात कधी बघितला नाही.

पुढचं सगळं झपाझप झालं. तुकडा तपासायला गेला, कॅन्सर म्हणून आला. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास, आवाज कायमचा बंद. आप्पांनी मॅडमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या डॉक्टरला इचारा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला अजून नीट इंजेक्शन देता येत नव्हतं. मी 'काढा' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ऑपरेशनला नेताना आईला वाटत होतं, ते शेवटचं काहीतरी चांगलं बोलतील. देवाचं नाव घेतील, मला आशीर्वाद देतील. ते म्हणाले, "चपला खाटंखाली सरकव, कोनतरी उचलंल." त्यांचा तो शेवटचा आवाज. चपला सरकवताना माझ्या तो ध्यानातही राहिला नसता, पण मी मुद्दाम ठेवलाय.

ऑपरेशननंतर आप्पांनी एकदाही माझ्यावर राग धरला नाही. शुद्धीवर आले आणि हातानं काहीतरी मागायला लागले. पाणी दिलं, नको. टॉवेल दिला, नको. मग त्यांनी स्वतःच उशाजवळचा चमचा उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर मारला. टण टण. डबल. दाराकडं बोट केलं. माझ्या लेक्चरची वेळ झाली होती.

त्यानंतर घर बेलवर चालायला लागलं. एक टोला म्हणजे थांब, नको, न्हाय. दोन म्हणजे चल, व्हय, बरं. आई सुरुवातीला रडायची, मग भांडायलाही शिकली. "वाजवा किती वाजवायचं ते, भाकरी खाल्ल्याशिवाय मी हलत न्हाय!" आणि समोरून एक टोला, परत एक, परत एक. आवाज नसलेल्या माणसाचीही पट्टी तीच होती. मी परीक्षेला निघाले की दारात उभी राहायचे. डबल पडायचा, मी निघायचे. दुसरं वर्ष तसंच निघालं, तिसरंही. तिसऱ्याला घशाचा पेपर आला तेव्हा मी लिहून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. घसा इथं होता, वेळापत्रकाप्रमाणे. आम्हीच लवकर आलो असतो तर बरं झालं असतं.

शेवटच्या वर्षी गाठ परत आली, मानेत. मॅडमनी या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं. इलाज चालू होता, पण कुणी कुणाला फसवत नव्हतं. आप्पा वॉर्डात होते आणि माझी मेडिसिनची प्रॅक्टिकल त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. मेडिकलला टिकायचं असेल तर आम्ही एकमेकांना एकच मंत्र सांगायचो. काही झालं तरी परीक्षा बुडवायची नाही. ताप असो, घरी लग्न असो, मयत असो, बसायचंच. एकदा बॅच सुटली की मागच्या पोरांत एकटा पडतो माणूस. मीही कितीजणींना ते सांगितलं होतं.

त्या सकाळी मी धुतलेला ॲप्रन घालून वर गेले. आप्पा उशीला टेकून होते. डोळे उघडे. आई पायाशी बसलेली. मी म्हटलं, "आप्पा, शेवटची प्रॅक्टिकल. जाऊ का?"

त्यांनी चमचा उचलला. टण.

मी दुसऱ्याची वाट बघितली. हात थकला असेल म्हटलं. "आप्पा, परीक्षा हाय. खाली बोलवतील आता."

टण. आणि चमचा दांडीवर तसाच टेकवून धरला, दुसरा चुकूनही पडू नये म्हणून.

आई म्हणाली, "जा बाई तू. त्यास्नी कळंना झालंय आता." पण कळत होतं. त्यांची नजर माझ्या ॲप्रनवर नव्हती, माझ्या तोंडावर होती. शाळेपासून तोवर एवढी वर्षं त्यांनी मला दारातून हाकललं होतं. मी निघताना एकदाही एक टोला दिला नव्हता, गळ्याला भोक पडलं त्या दिवशीसुद्धा. कारण विचारायचं नसतं. मागं काय चाललंय ते त्यांना दिसत होतं.

मी ॲप्रन काढून खिडकीला अडकवला आणि खाटेवर बसले. त्यांनी चमचा सोडला, माझं मनगट धरलं. खालून आमच्या बॅचचा एकजण दोनदा बोलवायला आला, आईनं त्याला परत पाठवलं. दुपारी, खाली परीक्षक लोकांचा चहा चालू असताना, आप्पा गेले. हात माझ्या मनगटावरच होता. तो सोडवताना मला बोटं एक एक करून उचलावी लागली, आणि तेव्हा मी अशी ओरडले की सगळा वॉर्ड उठून बसला. तो आवाज त्यांचाच होता. मला तो आला कुठून, कळलं नाही.

गैरहजर म्हणून नापास झाले. पुढच्या खेपेला बसले, पास झाले. गावात लोक हळहळले, बापापायी पोरीची डॉक्टरकी मागं पडली म्हणाले. चौकातला फ्लेक्स अजून तिथंच होता. उन्हानं माझं तोंड पांढरंफट झालं होतं, अक्षरं तेवढी वाचता येत होती. मी भावकीतल्या एका काकांना सांगून तो उतरवला आणि गोठ्याच्या छपरावर टाकला. गळत होतं तिथं.

तर यंदाची ही पोरगी माझ्यासमोर उभी होती आणि तिचा बाप खिशावर हात ठेवून हसत होता.

"शर्ट काढा," मी म्हटलं. "त्या टेबलावर झोपा."

"आवो, पेढं द्यायला आलोय मॅडम. ह्यात कुठं..."

"झोपा म्हटलं ना!" माझा आवाज चढला. बाहेर पेशंट गप्प झाले. तो बिचारा घाबरून बटणं सोडायला लागला. नर्सनं ईसीजीचं मशीन ओढत आणलं. पोरगी पुढं सरकली, डोळे आणखी मोठे करून.

"तू बाहेर बस," मी तिला म्हटलं.

"मॅडम, मला बघायचंय. शिकता येईल."

"व्हय की, ऱ्हाऊ द्या तिला," बाप टेबलावरून म्हणाला. "तिनंच बघायचंय की आता फुडं."

"शिकशील," मी पोरीला म्हटलं. "दुसऱ्यांच्या बापांना बघून बघून शिकशील. ह्याला न्हाय. ह्याची तू पोरगी हाईस, बाहेर बाकावर बस आणि आईला फोन करून बोलावून घे."

तिला माझा राग आला असणार. तोंड फिरवून गेली. मला चालेल.

मी त्याच्या छातीवर एक एक चकती चिकटवत होते. तो छताकडं बघत पडला होता. पोरगी बाहेर गेली तशी त्यानं मान जरा उचलली आणि बारीक आवाजात, गुपित विचारावं तसं विचारलं, "मॅडम, छाती कितव्या वर्षाला असती ओ?"

"हलू नका," म्हटलं, आणि मशीन चालू केलं.